बॉनेटपलीकडचा हात

१

सकाळी फाटकातून गाडी बाहेर काढायची, तर डॉक्टरीणबाईंच्या घरी त्याची एक कवायतच चालायची. बाई स्टीयरिंगवर, आणि सर फाटकाबाहेर, पाय रोवून, गाडीकडे तोंड करून उभे. सर म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलं आणि नुकतेच निवृत्त झाले. माणूस निवृत्त झाला तरी हात काही झाले नव्हते.

"ये, ये, ये... डावं घे... अगं, तुझं डावं! माझं नव्हे!"

"अहो, हळू ओरडा. शेजारचे उठतील."

"उठू देत. उन्हं अंगावर आली तरी लोळत पडतात."

एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत, आणि मधून हे एवढं मोठं धूड. गाडी जुनी होती, चौकोनी होती, चारही चाकांना जोर पोचवणारी होती आणि वळायचं म्हटलं की म्हशीसारखी आढेवेढे घेणारी होती. बाई जनावरांच्या डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यांकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे, आणि आधीची छोटी गाडी दर फेरीला कुठेतरी पोट टेकून बसायची. म्हणून ही घेतली. घेतली बाईंनी, ताबा मात्र सरांनी मिळवला.

बाईंची त्याला हरकत नव्हती. निवृत्तीनंतर हा माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघायला लागला होता. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. एकदा तर बाईंनी त्यांना अंगणात एकटेच 'विश्राम'मध्ये उभे असलेले पाहिलं होतं. गाडी आली, आणि सर पुन्हा बडबडायला लागले. एवढ्या एका गोष्टीसाठी बाई त्या गाडीवर आणखी काय वाटेल ते चढवून घ्यायला तयार होत्या.

२

आणि चढवलं की सरांनी!

गॅरेजवाल्याला सगळे मामा म्हणत. मामांनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, "सर, नवशिक्या माणसाने आधी खडबडीत रस्त्याचे चांगले टायर घालावेत. पुढेमागे ओढायला भक्कम हूक लावावेत. आणि मग गप बसावं. गाडी कुठे अडते ते आधी बघावं, मग पुढचं."

सरांनी मान डोलावली, टायर घातले, हूक लावले. गप बसणं तेवढं जमलं नाही. दुपारभर फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघायचे आणि संध्याकाळी मामांचं डोकं खायचं, हा त्यांचा उद्योगच झाला. मग गाडीच्या पोटाखाली जाड पत्रा बसला. मग स्प्रिंगा बदलून गाडी चांगली चार बोटं उचलली. मग पुढे लोखंडी बंपर, आणि त्यावर विंच, म्हणजे गाडी चिखलात रुतली तर झाडाला दोर बांधून स्वतःच स्वतःला ओढून काढायची मोटार.

विंच बसवून गाडी घरी आली त्या सकाळी बाई आत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला फाटकच दिसत नाहीये."

"काहीतरीच काय!"

"फाटकाचं वरचं दिसतंय. खालचं काहीच नाही."

सरांना लगेच प्रयोग करायची हुक्की आली. त्यांनी बंपरसमोर बादली ठेवली. "दिसते?" नाही. स्टूल ठेवलं. "आता?" नाही. बादली मागे मागे सरकवत सर अंगणाच्या पार टोकाला गेले, तेव्हा कुठे तिची कडी दिसली. मग ते स्वतःच गाडीसमोर येऊन उकिडवे बसले, आणि बाईंना समोर फक्त रिकामं अंगण दिसलं. तेवढा मोठा, धिप्पाड माणूस, हाकेच्या अंतरावर नव्हे, अगदी बॉनेटला खेटून, आणि दिसत नाही. बाईंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी बंद होती तरी.

"उठा आधी," त्या ओरडल्या.

बॉनेटच्या कडेवरून एक हात वर आला. पंजा हलला. "टाटा!" सरांचा आवाज खालून आला. "बघ, हात दिसतोय की नाही? झालं तर मग. चाकाकडे बघत मला वाकूनच चालावं लागतं, तेव्हा एक हात कायम वर ठेवणार. हात दिसला की समजायचं, मी तिथे आहे. हाताने बोलावलं की यायचं. थांब म्हटलं की थांबायचं. माझं तोंड काय करायचंय तुला बघून, इतकी वर्षं बघतेसच."

बाईंना हसू आलं, आणि ते तसं ठरून गेलं. बाईंच्या नजरेत नवऱ्याची जागा एका हाताने घेतली, आणि हे काही बरं नाही असं त्या दोघांपैकी कुणालाही त्या सकाळी वाटलं नाही.

३

त्यानंतरची ती सकाळ. ऊन स्वच्छ होतं. बाईंनी इंजिन गरम व्हायला ठेवलं होतं. समोर बॉनेटच्या कडेवर हात आला. तळवा वर, चार बोटं एकदम मिटली, उघडली. ये. ये. बाईंनी गिअर टाकला, हळूहळू पुढे घेतली. हात मागे सरकत गेला, फाटकातून बाहेर, रस्त्यावर. तिथे तो खाली गेला. बाईंनी स्टीयरिंग वळवलं, गाडी भिंतीशी सरळ केली आणि वाट बघत बसल्या.

मागून चपलांचा फटफट आवाज आला. सर घरातून धावत येत होते, हातात बाईंची औषधांची बॅग.

"अगं, न सांगता कशी काढलीस? मी आत बॅग शोधतोय आणि तू आपली निघालीस! पण काय सफाईने काढलीस, मानलं पाहिजे."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही समोर नव्हता?"

"मी आत होतो की."

"मग हात कोणी दाखवला?"

सरांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ते हसले, बाईही हसल्या. दिवसभर गोठ्यांमधून हिंडताना बाईंनी त्याचा उलगडा करायचा प्रयत्न केला. त्या काही भोळ्याभाबड्या नव्हत्या. जनावर बोलून दाखवत नाही, त्याचं दुखणं अंदाजानेच धरावं लागतं, आणि अंदाज चुकतात हे त्यांना ठाऊक होतं. रोजची सवय. सर रोज असतात, म्हणून डोळ्यांना ते दिसले. शेजारच्या झाडाची फांदी असेल. वाळत घातलेलं काहीतरी असेल. संध्याकाळपर्यंत त्यांची जवळजवळ समजूत पटली.

एकच गोष्ट मनातून जाईना. सर हात हलवतात तो खांद्यापासून, चक्की फिरवल्यासारखा, घाईघाईने. हा हात अजिबात घाईत नव्हता.

४

"उंची कमी करून द्या," बाईंनी मामांना सांगितलं. सर चहा आणायला गेले होते तेवढ्यात.

मामांनी हात पुसले. "बाई, उंची कमी केली तर सर मला इथेच खड्डा खणून पुरतील. बरं, झालंय काय? गाडी डुलते का?"

"समोरचं दिसत नाही."

"ते तर कुणालाच नाही दिसत. उंच गाडी घेतली की ते आलंच. बंपर पुढे आला, विंच आली, आंधळी जागा वाढली." मामांनी सहज म्हटलं, पण बाईंच्या अंगावर काटा आला. प्रत्येक वस्तू बसवली तशी ती जागा वाढत गेली होती. आधी तिथे फार तर बादली मावली असती. मग स्टूल. आता आख्खा माणूस.

मामांनी उपाय काढला. मोठ्या ट्रकना असतो तसा एक गोल फुगीर आरसा त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यात दांडीवर बसवून दिला. त्यात बंपरसमोरची सगळी जमीन दिसायची, थोडी वाकडीतिकडी, पण दिसायची. सर समोर उभे राहिले की त्यांचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसायचे. बाईंना हायसं वाटलं. आता वर हात आणि खाली बूट, दोन्ही जुळले की मगच क्लच सोडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडीत बसल्या तर आरशात जमीन नव्हती. आरसा त्यांच्याकडे वळलेला होता. त्यात त्यांचाच चेहरा होता, लहानसा, काचेमागे बसलेला.

"कावळा बसला असेल दांडीवर," सर म्हणाले.

बाईंनी पाना घेऊन नट स्वतः आवळला, मनगट दुखेपर्यंत. पुढच्या सकाळी आरसा पुन्हा त्यांच्याकडे. त्यांनी पुन्हा फिरवला. रोज फिरवायच्या आणि रोज तो वळलेला असायचा. सरांनी कावळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. कावळ्याला नट सैल करता येत नाही, हे काही कुणी शिकवायला नको होतं.

५

गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण होती. सुट्टीच्या दिवशी सर बाईंना तिथे सरावाला नेत. टायरमधली हवा थोडी कमी करायची, म्हणजे ते पसरतात आणि दगडाला धरून राहतात. लो गिअर टाकायचा, आणि एकेका धोंड्यावरून गाडी मुंगीच्या पावलांनी उतरवायची. सर समोर, उलटे चालत, हात वर. खरं सांगायचं तर त्या दिवशी बाईंना मजा आली. सरांचा हात त्यांचाच होता, खांद्यापासून फिरणारा, अधीर. आरशात बूट होते. एका उतारावर तर बाईंनी गाडी अशी अलगद उतरवली की सरांनी टाळ्याच पिटल्या.

"शाबास! वर्गात पहिली!"

मग सर येऊन शेजारी बसले. थर्मास उघडला, दोघांसाठी चहा ओतला. इंजिन चालूच होतं. सर बोलत होते, आता पुढे कुठले दिवे लावायचे, छतावर कॅरियर कसा हवा, आणि मामा कसा प्रत्येक गोष्टीत मोडता घालतो. बाई चहा फुंकत ऐकत होत्या. त्यांनी नजर वर केली.

बॉनेटच्या कडेवर हात होता.

मनगटापर्यंत. तळवा वर. चार बोटं मिटली, उघडली. ये. पुन्हा मिटली. ये. काही घाई नव्हती. कुणी ओळखीचं माणूस बसल्या जागेवरून बोलावतं तसं.

"...आणि पिवळा प्रकाश धुक्यात बरा पडतो म्हणे," सर म्हणत होते. त्यांचे दोन्ही हात कपाभोवती होते. बाईंनी ते नीट पाहिले. एक, दोन.

"समोर बघा," त्या कशाबशा म्हणाल्या.

सरांनी पाहिलं. समोर खाणीची पिवळी भिंत होती, बाकी काही नाही. ते उतरले, गाडीला वळसा घालून पुढे गेले. सर वाकून त्या आंधळ्या जागेत शिरले आणि दिसेनासे झाले. आरशात बघायचं म्हणून बाईंनी बघितलं, तर त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा होता.

"काही नाहीये गं," खालून आवाज आला. आणि बॉनेटवर हात आला, खांद्यापासून हलणारा. "ये, ये! चल, अजून एक फेरी मारू."

बाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

६

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते, आणि पहिल्यांदाच मध्ये एक शब्द बोलले नाहीत.

"मला भुताखेतांचं काही वाटत नाही," बाई म्हणाल्या. "ते काय असेल ते असो. मला भीती दुसरी आहे. एक दिवस तो हात मला ये म्हणेल, आणि तुम्ही तिथे खाली वाकलेले असाल. आणि मी येईन. कळतंय का तुम्हाला? माझ्या पायाने. माझ्या हाताने."

सरांनी खुर्ची ओढली. "डोळे तपासून घेऊ या का एकदा?"

"तपासले. ठणठणीत आहेत."

"मग गाडी विकायची म्हणतेस?"

त्यांनी हे ज्या आवाजात विचारलं तो ऐकून बाईंना गलबलून आलं. समोर पुन्हा तो खुर्चीतला, भिंतीकडे बघणारा माणूस दिसायला लागला. "विकायला कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "फक्त तुम्ही समोर उभं राहायचं नाही. कधीच नाही. शेजारी बसा, काय हव्या त्या सूचना करा, वाटलं तर शिट्टी वाजवा."

"शेजारी बसून काय माशा मारू? चाक कुठे पडतंय ते बाहेरूनच कळतं."

"मला शब्द द्या."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "बरं बाई, दिला. आणि हे बघ, आता हात दिसला तर सरळ समजायचं की तो मी नव्हे. मी असलो तर बोलेन. माझा आवाज तर काही कुणी पळवत नाही ना?"

बाईंना तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं. फाटकातून गाडी त्या एकट्याच काढू लागल्या. हात दिसला नाही. एकदाही नाही. आरसासुद्धा जागच्या जागी राहिला. सर शेजारी बसून बडबडायचे, आणि बाईंना वाटायला लागलं, सुटलो एकदाचे.

७

वरच्या गोठ्यावरून सकाळीच फोन आला. गाय अडली होती. वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते आणि डोकं मागे वळलेलं होतं. गोठेवाला रडकुंडीला आला होता. अशा वेळी उशीर केला तर गाय आणि वासरू दोन्ही हातची जातात. बाईंनी बॅग गाडीत टाकली. सर शेजारी येऊन बसलेलेच होते.

डोंगरावर दाट धुकं होतं. अर्ध्या वाटेवर, ओढ्याकडे उतरायच्या जागी, बाईंनी गाडी थांबवली. रस्त्याची एक कड ढासळून खाली गेली होती. उरली होती ती एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी अशी उतरती पट्टी, वर सुटे धोंडे. बाई स्वतः उतरून चालत जाऊन बघून आल्या. चाकं मावत होती, जेमतेम. गोठा अजून दूर होता. बॅग उचलून चालत जायचं तर गाय तोवर राहणार नव्हती. वळवायला जागा नव्हती, आणि मागे न्यायची तर तेच संकट उलट्या तोंडाने.

"डावं पुढचं चाक कुणीतरी बघायलाच हवं," सर म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. दोघांनाही ते माहीत होतं.

"मी अंतर ठेवून चालतो. आणि बोलत राहतो. हात वर करणारच नाही."

"बोलायचं थांबायचं नाही, क्षणभरसुद्धा. आवाज बंद झाला की मी थांबणार."

"अगं, मला गप्प बसवायला तुला इतकी वर्षं जमलं नाही," असं म्हणून सर उतरले.

बाईंनी काच पूर्ण खाली केली. लो गिअर टाकला. धुक्यात सर चार पावलं चालले, चाकाकडे बघायला वाकले आणि बॉनेटच्या खाली बुडाले. मग त्यांचा शाळेच्या मैदानावरचा आवाज आला, खणखणीत. "एक, दोन, एक, दोन! सरळ ये! एक, दोन! थोडं उजवं! शाबास! एक, दोन!"

गाडी उतरू लागली. टायरखाली धोंडे करकरत होते. बाईंचे हात घामाने निसरडे झाले होते, पण आवाज चालू होता, आणि त्या त्या आवाजाला धरून उतरत होत्या. एक, दोन. अर्धी पट्टी संपली. एक, दोन. आरशाकडे त्या बघत नव्हत्या. हाताकडे बघायचं नाही असं ठरलं होतं. एक, दोन, एक...

आवाज थांबला.

बाईंनी ब्रेक दाबला. गाडी उतारावर नाक खाली करून उभी राहिली.

"अहो?"

डावीकडचं दार उघडलं. गाडी एका अंगाला किंचित झुकली, सीटची स्प्रिंग कुरकुरली, दार लागलं. सरांच्या ओल्या स्वेटरचा वास आला.

"झालं," सरांचा आवाज म्हणाला, बाईंच्या कानाजवळून. "पुढे मोकळं आहे सगळं. चल."

बाईंना रडूच फुटलं. त्यांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, आणि स्टीयरिंगवर कपाळ टेकलं. "किती घाबरवता हो! थांबलात ते सांगायचं तरी," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत मान वर केली.

बॉनेटच्या कडेवर हात होते. आज दोन. दोन्ही तळवे त्यांच्याकडे, उघडे, ताठ, थरथरत. थांब. थांब. थांब.

८

बाई हलल्या नाहीत. हात दिसला तर तो मी नव्हे, असं ठरलं होतं. सर शेजारी होते. आवाज त्यांचा होता, वास त्यांचा होता.

"काय बघतेस? चल की," शेजारचा आवाज म्हणाला. "गाय खोळंबली आहे."

अगदी सरांसारखंच. बाईंचा हात गिअरकडे गेला, आणि तिथेच थबकला. आपण नक्की कशाला घाबरतो आहोत ते त्यांना धड कळत नव्हतं. त्या मनाशी शब्द जुळवत होत्या. तो हात आजवर फक्त बोलवत आला होता. फाटकात, खाणीत, नेहमी ये, ये. त्याने कधी, एकदासुद्धा, थांब म्हटलं नव्हतं.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. डोंगरावर एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत, खूप खालून, बंपरच्या पलीकडून, धाप लागलेला, घोगरा आवाज आला.

"अगं... थांब... पाय अडकलाय माझा. दोन धोंड्यांच्या मध्ये. ओरडवत नाहीये... ऐकतेस ना?"

शेजारी कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं. मान वळवली तर काय दिसेल ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मान वळवण्यात वेळ घालवायचा नाही एवढंच कळत होतं. त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. आरशात त्यांनी आता बघितलं. जमीन दिसत होती. एक पांढरा बूट दगडात अर्धा गाडला गेलेला, आणि टायर त्याच्यापासून वीतभर.

"थांबलेय मी!" त्या समोर ओरडल्या. "अहो, हलत नाही! इंजिन बंद केलंय, हँडब्रेक लावलाय! तुम्ही सावकाश पाय काढा!"

"चल," शेजारचा आवाज म्हणाला. त्याला काहीच घाई नव्हती.

"नक्की ना?" खालून सरांनी विचारलं. "पूर्ण खाली वाकावं लागेल मला. बूट सोडायला."

"नक्की! वाका! मी धरलंय!"

इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकचं पेडल घट्ट होत चाललं होतं, नुसत्या पायाच्या जोरावर ही गाडी उतारावर धरवली नसती. बाईंनी पाठ सीटला रेटून अंगातला सगळा जोर पायात आणला. त्यांच्या मांड्या कापत होत्या. पण गाडी उभी होती. हँडब्रेक धरून होता. त्या धरून होत्या.

"बरं," सर म्हणाले. आवाजातली भीती ओसरली होती, नेहमीचा मिश्किलपणासुद्धा जरा परत आला होता. "तू धरलंस ना, मग झालं. हलू नकोस हं."

बॉनेटच्या कडेवरचे दोन्ही हात खाली गेले. आरशात पांढऱ्या बुटाशेजारी सरांचं डोकं आलं, पिकलेल्या केसांचं, टायरसमोर निर्धास्त वाकलेलं.

आणि दोन सीटांच्या मधोमध हँडब्रेकचं बटण दाबल्याचा आवाज झाला.